उरलेला काठ

मरीन ड्राइव्ह हवा म्हणून कुणी मरीन ड्राइव्ह बांधला नाही. मुंबईला हवी होती जमीन. समुद्र मागे सारून मिळणारी आणि चौरस वाराच्या भावाने विकता येणारी जमीन. त्या हव्यासात हे शहर एकदा बुडालं, दुसऱ्यांदा अर्ध्या वाटेत थांबलं. जिथे थांबलं तिथे लाटा अडवायला भिंत घातली गेली आणि भिंतीच्या आतून रस्ता गेला. आज साडेतीन किलोमीटरच्या ज्या कमानीला सगळे राणीचा हार म्हणतात, तिच्यामागचा हिशेब हा असा आहे. सरकारी नावाने तो नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. पण टॅक्सीवाल्याला कुणी तसं सांगत नाही.

मी वाढलो डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून काळोखी बोळ, टोकाला सामायिक संडास. खोली १६० चौरस फुटांची. भिंती काँक्रीटच्या, इतक्या टणक की कॅलेंडर लावायला खिळा ठोकायचा तर तीन खिळे वाकायचे. अप्पा गिरणीत होते. रविवारी चार वाजले की ते शर्ट चढवून म्हणायचे, "चला, हवा खाऊन येऊ." लोअर परळला गाडी धरायची, मरीन लाइन्सला उतरायचं, पुलावरून पलीकडे गेलं की समोर कट्टा. दाण्यांची एक पुडी सगळ्यांत. आमच्या खोलीत पाहुणा आला की कुणाला तरी बाहेर जाऊन उभं राहावं लागे. कट्ट्यावर मात्र सगळे एका ओळीत बसायचो आणि तरी जागा उरायची.

आमची ती खोली आणि हा कट्टा सरकारच्या एकाच खात्यातून निघाले, हे मला फार पुढे वाचनात कळलं. तेव्हापासून या रस्त्याच्या इतिहासाने मला सोडलेलं नाही.

सुरुवात होते ती कापसापासून. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न पडला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघत होत्या. मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामध्ये आत वळलेला जो समुद्र, त्या बॅकबेत भराव टाकायची कंपनीही त्यांतलीच. तिच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद या दलालाचा शब्द म्हणजे हुंडी, असे ते दिवस होते. जमीन अजून पाण्याखाली होती आणि तिच्यावर लोक गबर होत होते. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा देणाऱ्यांकडे काहीच नव्हतं. घरंच्या घरं बसली. कंपनी गेली. मागे राहिली किनाऱ्यालगतची भरावाची एक अरुंद पट्टी. तिच्यावरून बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची रेल्वे कुलाब्यापर्यंत गेली.

म्हणून कित्येक वर्षं मुंबईत समुद्राच्या सगळ्यांत जवळ कोण होतं, तर आगगाडी. चर्नी रोड ते मरीन लाइन्स या टप्प्यात पश्चिमेच्या खिडकीत बसलेल्याला थेट पाणी दिसे. पुढे पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना याच पट्ट्यात मैदानं मिळाली. हे जिमखाने आज रस्त्याच्या आतल्या बाजूला दिसतात. ते वसले तेव्हा त्यांच्यापुढे रस्ता नव्हताच, समुद्र होता.

रस्त्याचा पहिला तुकडा उत्तरेचा, चौपाटीच्या बाजूचा. त्याचं नाव केनेडी सी-फेस. काम १८ डिसेंबर १९१५ ला सुरू झालं आणि १९२० मध्ये संपलं. तसा कोरलेला दगड कठड्यात आहे. त्याच १९२० च्या १ ऑगस्टला सरदारगृहात लोकमान्य टिळक वारले. चौपाटी ही काही स्मशानभूमी नव्हती, तरी त्यांना वाळूवर अग्नी दिला गेला, तोही भर पावसात आणि लाखोंच्या साक्षीने. मला नेहमी वाटतं, नव्या झालेल्या त्या समुद्रकाठावर मुंबईच्या सामान्य माणसाने हक्क सांगितला तो त्या दिवशी. हवा खायला आलेल्या साहेबांसाठी केलेल्या जागेवर गिरणगाव आणि गिरगाव चालत आलं आणि भिजत उभं राहिलं.

आता त्या खात्याबद्दल. याच सुमारास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बीडीडी ती हीच. खात्याच्या हाती दोन मोठी कामं होती. एक, कामगारांसाठी चाळी. दुसरं, बॅकबेत १,१४५ एकर नवी जमीन. चाळींसाठी पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती झाल्या. त्या सलोह काँक्रीटच्या असल्याने पटकन उभ्या राहिल्या, पण कामगारांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठच फिरवली. भाडं परवडेना, खोल्यांत उजेड येईना. वरळीच्या रिकाम्या चाळी सविनय कायदेभंगाच्या काळात सत्याग्रह्यांसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून वापराव्या लागल्या.

दुसऱ्या कामाची गत याहून वाईट झाली. सर जॉर्ज ब्युकॅनन या नावाजलेल्या अभियंत्याने आराखडा दिला होता. समुद्रात दगडांची भिंत घालायची, पूर्वेच्या बंदरातला गाळ यंत्राने उपसायचा, कुलाबा ओलांडून नळांवाटे तो भिंतीच्या आत सोडायचा. पाणी निघून जाईल, गाळ बसेल, जमीन तयार होईल. दगडासाठी कांदिवलीची टेकडी फोडली आणि तो रेल्वेने आणला. गाळ उपसायला आणलेल्या अजस्र यंत्रनौकेला गव्हर्नरांचंच नाव दिलं, 'सर जॉर्ज लॉइड'. आणि मग काय झालं? भिंत गळू लागली. दगडांच्या फटींतून गाळ निसटून परत समुद्रात जाऊ लागला. एका बाजूने नळ गाळ ओततो आहे, दुसऱ्या बाजूने ओहोटी तो नेते आहे, आणि वर्षामागून वर्षं हे चालू आहे. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि तो मुंबई इलाख्याच्या करदात्याच्या माथी बसला. या योजनेला लोक 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणू लागले.

इथे या गोष्टीत एक माणूस येतो, आणि माझ्या मते मरीन ड्राइव्हचा इतिहास सांगताना सगळ्यांत आधी त्याचंच नाव घ्यायला हवं. खुर्शेद फ्रामजी नरिमन. पारशी वकील, कायदे कौन्सिलातले स्वराज्य पक्षाचे सभासद. त्यांनी हा सगळा कारभार धसास लावला. कौन्सिलात प्रश्न विचारले, वर्तमानपत्रांत लिहिलं, कंत्राटं आणि हिशेब उकरून काढले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मियर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. खात्यातल्या हार्वे नावाच्या अभियंत्याने नरिमन यांच्यावर बदनामीचा खटला भरला. १९२८ मध्ये त्यातून ते निर्दोष सुटले आणि मुंबईने तो स्वतःचा विजय मानला. आठ भागांची योजना चार भागांवर आली. उत्तरेकडचे पहिला आणि दुसरा, कुलाब्याकडचे सातवा आणि आठवा, मिळून सुमारे ४४० एकर. त्यातली निम्म्याहून जास्त जमीन लष्कराकडे गेली. मधले चार भाग पाण्यातच राहिले.

दक्षिण मुंबईच्या नकाशावर बोट फिरवताना मला दरवेळी हे जाणवतं. एका वकिलाने हिशेब मागितला म्हणून ते काम तिथे थांबलं. १,१४५ एकर भरली असती तर ही कमान आज जिथे आहे तिथे नसती. समुद्र कुठेतरी लांब, इमारतींच्या पाठीमागे राहिला असता. गाळ गळाला, पैसा संपला आणि जाब विचारणारा माणूस खटल्याला घाबरला नाही, या तिन्हींमुळे आपल्याला हा काठ मिळाला. पुढे साठच्या आणि सत्तरच्या दशकांत उरलेल्या पाण्यातला काही भाग भरलाच गेला. तिथे उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्या जागेला नाव दिलं नरिमन पॉइंट. भरावाचा हिशेब मागणाऱ्याचं नाव भरावाला. तिथे रोज कामाला जाणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना हा माणूस ठाऊक असेल, या विचाराने मला वाईट वाटतं. १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर होते. १९३७ मध्ये मुख्यमंत्रिपदापासून ते दूर ठेवले गेले आणि १९४८ मध्ये वारले. त्यांच्यावर मराठीत एखादं चांगलं चरित्र शाळेच्या ग्रंथालयात असायला हवं होतं.

भराव झाला आणि रेल्वे समुद्रापासून दूर पडली. कुलाब्याचं स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालं, चर्चगेट शेवटचं स्थानक झालं. नव्या जमिनीला पहिल्यांदा गिऱ्हाईक नव्हतं. जगभर मंदी होती. मग हळूहळू भूखंड उठू लागले. एक मोठा तुकडा क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने घेतला आणि १९३७ मध्ये तिथे ब्रेबॉर्न स्टेडियम उघडलं. समुद्राकडे तोंड करून इमारतींची रांग उभी राहू लागली. तिला आडव्या येणाऱ्या गल्ल्यांना नावं द्यायलाही कुणी थांबलं नाही. ए रोड, बी रोड, सी रोड अशी ती अक्षरंच राहिली, आजही आहेत.

या रांगेकडे नीट पाहिलं तर तिची शिस्त डोळ्यांत भरते. मजले जवळपास सारखे, कुणी कुणाच्या डोक्यावर चढलेलं नाही. कोपऱ्यावर गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर पातळ लांब छज्जे, जिन्याच्या उभ्या पट्टीवर नक्षी, गच्चीला जहाजाच्या डेकसारखे कठडे. आर्ट डेको ही शैली मुंबईत या काठावर आणि ओव्हल मैदानासमोर सजली. ओव्हलसमोरचं एम्प्रेस कोर्ट गजानन म्हात्रे यांचं. त्या काळातल्या भारतीय वास्तुविशारदांच्या पहिल्या पिढीने साहेबाच्या गॉथिक कमानी बाजूला ठेवून सिमेंटमधून हे नवं रूप काढलं. ते सिमेंट काँक्रीटही तेच, आमच्या चाळीला वापरलेलं. एकाच साहित्यातून एकीकडे मरीन ड्राइव्हवरच्या सोना महलचा कोपरा घडला आणि दुसरीकडे आमची खिळा न घेणारी भिंत. फरक होता तो कुणासाठी बांधतोय याचा.

अप्पांना या इतिहासातलं एवढंच माहीत होतं, पण ते मात्र पक्कं होतं. "हा रस्ता आपल्या भागोजीशेटनी बांधला," असं ते कट्ट्यावर बसल्यावर सांगायचे. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे 'आपल्या' वर जोर. भागोजीशेट कीर लहान वयात रत्नागिरीहून मुंबईत आले. घरची गरिबी, हातात सुतारकाम. तिथून ते मोठे कंत्राटदार झाले आणि पालनजी मिस्त्री यांच्यासोबत त्यांनी मरीन ड्राइव्हचं बांधकाम केलं. कमावलेला पैसा त्यांनी कुठे लावला, ते पाहण्यासारखं आहे. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये त्यांनी बांधून दिलं. दादरला शिवाजी पार्कजवळची हिंदू स्मशानभूमी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. देवळाच्या पायरीवर ज्या काळात माणसं अडवली जात होती, त्या काळात हा माणूस सगळ्यांसाठी देऊळ बांधत होता. आणि त्याच्याच हातून झालेल्या या रस्त्याला ना फाटक आहे, ना तिकीट. या दोन गोष्टी जोडायला माझ्याकडे कागदोपत्री पुरावा नाही. मी त्या मनात जोडतो.

कट्टा. सगळं या कट्ट्यात आहे. बसलं तर पाय टेकतील इतपतच उंच, रुंद असा, की मांडी घालावी किंवा पाय समुद्राकडे सोडावेत. तो आणखी हातभर उंच असता, वर जाळी असती, तर हा रस्ता गाडीतून बघायचा देखावा होऊन बसला असता. चाळीतल्या नवराबायकोला चार शब्द एकांतात बोलायला, परीक्षेत आपटलेल्या पोराला तोंड लपवायला, नोकरी गेलेल्या माणसाला घरी जायची वेळ होईपर्यंत बसायला मुंबईत दुसरी जागा कुठली होती? ब्याऐंशीच्या संपात अप्पा एकटेच इथे येऊन बसत. हे त्यांनी आम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आईला मात्र समुद्रापेक्षा मागच्या इमारती बघायच्या असत. कृष्ण महलमध्ये सुरैया राहते, हे तिला ठाऊक होतं. ती समुद्राकडे पाठ करून बसायची आणि एका बाल्कनीकडे बघत राहायची. सुरैया कधीच दिसली नाही. आईची त्याबद्दल तक्रार नव्हती.

पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी चेहरा बदलतो. महापालिका भरतीच्या वेळा आणि लाटांची उंची आधीच जाहीर करते, पोलीस लोकांना मागे सारतात. लाट कठड्यावर आपटून रस्त्यावर येते आणि शहराने वर्षभर दिलेला प्लास्टिकचा कचरा परत टाकून जाते. लाटांचा जोर मोडायला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड मूळ फ्रान्समधले, १९५० मधल्या शोधाचे. किनारी रस्त्याच्या, म्हणजे कोस्टल रोडच्या कामात त्यांतले काही हलवले गेले तेव्हा, लाट आपटली की घर हादरतं, असं समोरच्या इमारतींतले लोक सांगू लागले. भरावावर राहणाऱ्याला समुद्र विसरून चालत नाही.

२००८ च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री याच रस्त्याच्या उत्तर टोकाला, गिरगाव चौपाटीपाशी, तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याची बंदूक नळीसकट मिठीत धरली. हातात लाठी होती. साताऱ्याकडचा माणूस, गोळ्या अंगावर घेत राहिला आणि पकड सोडली नाही. तिथे त्यांचं स्मारक आहे. तिथून जाताना क्षणभर थांबावं, एवढंच लिहितो. यापुढे लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत.

२०१८ च्या जूनमध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारसा ठरवलं. यादीत ९४ इमारती आहेत, त्यांत मरीन ड्राइव्हची समोरची रांगही आली. आनंद झाला. पण वारसा म्हणून मला आणखी एक गोष्ट मोजावीशी वाटते: मधला रस्ता ओलांडता येतो. सिग्नल लागतो, गाड्या थांबतात, बाई पोराचं बोट धरून पलीकडे जाते. शहर आणि समुद्र यांच्यात गाड्यांची धार आहे, पण ती थांबवता येते.

किनारी रस्त्याबद्दल माझं मन अडतं ते इथेच. मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरचे जुळे बोगदे आले आहेत आणि ते मरीन ड्राइव्हवर उघडतात. १११ हेक्टर भराव झाला. वरळीच्या कोळ्यांना आपल्या होड्या पुलाच्या खांबांमधून नेता याव्यात म्हणून ६० मीटरचं अंतर १२० मीटर करून घ्यायला भांडावं लागलं. ते त्यांनी करून घेतलं, नरिमन यांच्यासारखंच चिकाटीने. वेळ वाचतो, हे खरं आहे. मी स्वतः त्यावरून गेलो आहे आणि वाचलेला वेळ मलाही उपयोगी पडला आहे. पण तो रस्ता गाडीत बसलेल्यासाठी आधी आखला गेला आणि चालणाऱ्यासाठी नंतर, असं मला स्पष्ट वाटतं. लॉइडच्या खात्याला जमीन विकायची होती, तरी त्याच्या हातून बसायला काठ सुटला. आज आपण ठरवून, आपल्याच पैशाने बांधतो आहोत, तर त्याहून कमी का मागावं? वर्सोव्याच्या पुढे उत्तरेकडे असाच रस्ता जायचा आहे. त्याच्या आराखड्यात कट्ट्याची उंची काय धरली आहे, हे विचारणारं कुणीतरी आत्ताच हवं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अप्पा आता माझ्याकडे डोंबिवलीला असतात. बातमी त्यांनी दोनदा वाचायला लावली. वरळीत त्यांचा गिरणीतला एक जोडीदार आहे, त्याचं नाव यादीत असेल का, याची त्यांना काळजी. मग मी त्यांना किनारी रस्त्यालगत चालायला केलेल्या नव्या वाटेबद्दल सांगितलं, फोनवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"बसल्यावर समुद्र दिसतो काय रे? की उभं राहावं लागतं?"

दिसतो, म्हटलं. पण तिथे पोचायला रस्त्याखालच्या भुयारातून जावं लागतं.

"पायऱ्या आहेत?"

आहेत.

गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, जोडीदाराला किल्ली मिळाली असली तर त्याच्याकडे जाऊ, आणि येताना मरीन लाइन्सला उतरू. तिकडे चढउतार फक्त स्टेशनच्या पुलाचा.